आत्येचा खुबा आणि देवाची उजवी बाजू

आधीच सांगून ठेवतो — मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही... स्कूटरचा वेग तेवढा कमी करतो. बायको म्हणते, तेच ते थांबणं. असो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही रत्नागिरीत, भाट्याच्या पुलाजवळ राहतो. माझी आत्या — वय चौऱ्याऐंशी, वजन जेमतेम पस्तीस किलो. आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवलं. आमसुलं वाळत घालताना चिऱ्याच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. म्हणाल्या, "काका, हृदय कमजोर आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं. पण ऑपरेशन नाही केलं तर अंथरुणाला खिळतील. पाठीला जखमा, छातीत कफ... आणि उशीर कराल तेवढा धोका वाढेल. उद्या अकराला घेऊ. सही करून ठेवा."

सही मी करायची होती. रात्रभरात केली नाही. दुसऱ्या दिवशी दादा डोंबिवलीहून आला तो दवाखान्यात न येता थेट गावी, गुहागरकडे. देवाला कौल लावायला! मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"कौल मिळेपर्यंत सही करू नकोस," दादाचा फोन.

"दादा, एक्स-रे तरी बघ आधी."

"एक्स-रे तू बघ. मी देवाला विचारतो."

हसू नका, पण विज्ञानाचा मास्तर खरंच थांबला. दहा वाजले, साडेदहा... दादाचा फोन लागेना. मी कॉरिडॉरमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्हालाच सलाईन लावू काय?"

पावणेअकराला आत्येपाशी गेलो. डोळे मिटलेले. अचानक स्पष्ट म्हणाली, "पडली हो उजवी. देवाची उजवी हां, तुझ्या दादाची नव्हे. त्याला दिशा कधी कळल्यायत! कर सही, मेल्या."

मी गार. कौलाचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दादा आधार कार्ड आणायला गावी गेलाय, अशी थाप मी स्वतः मारली होती.

मी सही केली. तिला आत नेलं.

सव्वाअकराला फोन. दादा धापा टाकत, "डावी पडली रे! सही करू नकोस!"

मी ऑपरेशनच्या दाराकडे धावलो. तेवढ्यात पलीकडे, त्याच्यामागून चढून आलेल्या गुरवकाकांचा आवाज, "अहो, तुम्ही समोरून बघताय! देवाची उजवी ती. होकार आहे होकार!"

"काका, पडली कधी?"

"झाला की अर्धा तास. खाली देवळात रेंज नाय, वर सड्याच्या माळावर चढून यायला वेळ लागला."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी तिला धरून उभं केलं. डॉक्टरना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "काका, या वयात हाड मोडलं की भ्रम होतो, पेशंट काहीबाही बोलतात." मान्य. दोनातली एक पाकळी अंदाजाने सांगता येते, तेही मान्य. पण दादाची चूक? ती कशी दिसली तिला? तेही त्याने ती करायच्या सुमारालाच?

दीड महिन्याने आत्या वॉकर घेऊन ओटीवर आली, तेव्हा तिलाच विचारलं.

"मी असं म्हटलं? छे! मला काय आठवत नाय." वॉकर टेकवून ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि डावी म्हटलं असतं तर? ठेवलं असतंस मला तसंच?"

मी पाणी आणतो म्हणून आत गेलो. तिच्या बोलण्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही... आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही मी अजून दिलेलं नाही.