पाच नंबरचा बिल्ला

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा पितळी बिल्ल्यांवर अडतो. हसू नका, खरं सांगते.

भोसरी गावठाणात आमचं घर. दाराशेजारी भिंतीला एक फळी, फळीवर सात खिळे आणि खिळ्यांना सात बिल्ले, एक ते सात आकडे ठोकलेले. हे माझ्या सासऱ्यांचं संस्थान. नाव दत्तोबा, मी त्यांना मामा म्हणते. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं टूलरूमला होते. तिथं बिल्ला दिल्याशिवाय कामगाराला साधा पाना मिळायचा नाही, आणि पाना परत आल्याशिवाय बिल्ला परत जायचा नाही. रिटायर झाल्यावर मामांनी कंपन्यांमधल्या घुशी पकडायचं काम धरलं आणि हीच शिस्त पिंजऱ्यांना लावली. घरात सात पिंजरे. संध्याकाळी पिंजरा लावला की त्याचा बिल्ला शर्टाच्या खिशात. सकाळी जाऊन पिंजरा उघडला की घरी येऊन बिल्ला खिळ्यावर, तोही आकडा भिंतीकडे करून. मला वाटायचं, आकड्यात धूळ बसू नये म्हणून असेल. आणि खिशात एक जरी बिल्ला असला तरी सकाळी पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

लग्न होऊन मी लातूरहून इथं आले तेव्हा मला हा सगळा खुळेपणा वाटला. अहो, घूस ती घूस! पोती कुरतडते, वायरी तोडते, घराचा पाया पोखरते. तिच्यापायी सत्तरीच्या माणसानं उपाशी का राहावं? मी तसं बोलूनही दाखवायची. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझ्या माहेरचेही सांगतील.

"विजू," मामा म्हणायचे, "पिंजऱ्यातलं जनावर उपाशी हाय ना? मग मी बी."

संपलं. 

त्यांच्या कामाच्या एकेक तऱ्हा होत्या. नव्या जागी पिंजरा न्यायचा तर पहिल्या दोन रात्री दार तारेनं बांधून उघडंच ठेवायचं, आत भज्याचा तुकडा. घुशीचा वहीम गेला की तिसऱ्या रात्री तार सोडायची. पिंजरा भिंतीलगत, सावलीत, वरून गोणपाट. आणि आत कोपऱ्यात तारेनं आवळून पाण्याची वाटी. "वा, घुशीला पाहुणचार!" मी म्हणायची. "सोबत बडीशेप पण ठेवा की!" मामा वाटी भरत राहायचे.

कंपनीतले लोक म्हणायचे, घूस सापडली की पिंजरा तसाच पाण्याच्या पिंपात बुडवा आणि मोकळे व्हा. मामांना ते ऐकवायचं नाही. घूस गोणपाटात घ्यायची आणि एका फटक्यात संपवायची. बघायला कुणी उभा राहिला तर त्याला हाकलून लावायचं. मारायचंच हाय तर तरास कशाला द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. मुंगूस वगैरे सापडलं तर जागच्या जागी सोडायचं, जखमी असलं तर वनखात्याला फोन. विष नाही, चिकट पुठ्ठे नाहीत, आणि फासा तर अजिबात नाही.

फाशावरून तळवड्याच्या बबनराव नर्सरीवाल्यांशी एकदा चांगलीच वाजली होती. ससे येऊन त्यांची रोपं खात होते. "दत्तोबा, दोन फासे टाका वाफ्याच्या तोंडाशी, काम फत्ते," असं त्यांचं चाललेलं. मामा म्हणाले, "ससा धरणं कायद्यात बसत न्हाई. अन् फाशात काय घावंल, ते फासा ठरवत न्हाई. उद्या तुमचंच कुत्रं घावंल." मग दोन दिवस बसून त्यांनी वाफ्याभोवती जाळी बांधून दिली, खालची कड बाहेर वळवून हातभर मातीत गाडली. बबनराव महिनाभर रुसले होते. रोपं मात्र वाचली.

आणखी एक नियम होता, सगळ्यात कडक. बुधवारी पिंजरा लावायचा नाही. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्या बंद. बुधवारी लावलेला पिंजरा शुक्रवारीच उघडला जाणार. म्हणून गुरुवारी सकाळी सातही बिल्ले खिळ्यावर असायचेच. इतकी वर्षं मी हेच बघत आले.

यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र नियम मोडला. नानासाहेब नावाचे एक मालक आहेत, त्यांची पुठ्ठ्याची खोकी बनवायची छोटी कंपनी. बुधवारी त्यांचा मामांना फोन आला, गोडाऊनमध्ये काहीतरी आहे, रोज नासधूस चालली आहे. मामा म्हणाले, उद्या सुट्टी, शुक्रवारी येतो. नानासाहेब म्हणाले, "अहो, उद्या ओव्हरटाइम लावलाय, कंपनी चालू आहे, या तुम्ही." मामा गेले, जागा जुनीच म्हणून तार न बांधता पाच नंबर लावून आले. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तळवड्याला कामावर होते, आणि संध्याकाळी घरी आले तर मामा तापानं फणफणलेले, कुशीवर पडलेले.

गुरुवारी मलाही सुट्टी, म्हणजे धुण्याचा दिवस. नवरा, ज्ञानेश, चाकणला फर्स्ट शिफ्टला निघून गेला होता. मामांचा घामानं भिजलेला शर्ट मशीनमध्ये टाकताना सवयीनं खिसा चाचपला, तर आत बिल्ला. मी मनात म्हटलं, गुरुवार आहे, म्हणजे हा काल सकाळी उघडलेल्या पिंजऱ्याचा. ताप चढला आणि म्हातारा टांगायला विसरला. नेऊन खिळ्यावर टांगला. आकडा समोर करून, नीट दिसावा म्हणून.

आठच्या सुमारास मामांनी डोळे उघडले. "विजू, बिल्लं?"

"सातही जागेवर आहेत मामा. झोपा तुम्ही."

त्यांनी मान हलवली आणि झोपले. दुपारी मी त्यांना तांदळाची पेज पाजली, परत झोपले.

तीन वाजता उठून, भिंत धरत धरत मोरीकडे निघाले आणि फळीपाशी थांबले. "पाच नंबर कुणी टांगला?"

"मी. खिशात होता तुमच्या."

ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "अगं, पाच नंबर लावलाय. काल."

"काल बुधवार होता मामा!"

मग त्यांनी ओव्हरटाइमचं सांगितलं. मी लगेच कंपनीच्या वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, माल आलाच नाही, ओव्हरटाइम रद्द, कंपनी काल संध्याकाळपासून बंद.  बाहेर ऊन असं, की चप्पल घालूनही पाय पोळावेत. आणि ते गोडाऊन पत्र्याचं.

माझी दिव्या दोन वर्षांची, तिला शेजारच्या कुसुमताईंकडे दिलं. मामांना म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाते. ऐकतात कसले! अंगात ताप, डोक्याला उपरणं, तसेच स्कूटीवर मागे बसले.  वाटेत मी सिग्नलला सगळ्यांवर ओरडत होते. राग माझा मलाच आला होता, तो दुसऱ्यांवर निघत होता.

फाटक वॉचमनने उघडलं, पण गोडाऊनची किल्ली नानासाहेबांकडे, आणि ते पिंपळे गुरवला घरी. फोनवर म्हणतात कसे, "उद्या सकाळी उघडू की! घूसच तर आहे."

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सायेब, तुमी ओव्हरटाइम म्हनला म्हनून मी पिंजरा लावला. किल्ली घेऊन या, न्हाईतर मी कुलूप तोडतो. मग खुशाल पोलिसात द्या मला."

नानासाहेबांना यायला पाऊण तास लागला. तोवर मामांनी वॉचमनकडून बागेची नळी मागून घेतली आणि पिंजरा आत जिथे होता, नेमकं त्याच्यावरच्या पत्र्यावर पाणी मारत उभे राहिले. पत्र्यावरून वाफा येत होत्या. मग त्यांना बाजूला बसवून नळी मी घेतली. शटरला कान लावून ऐकलं, आत काही आवाज नव्हता. खोटं कशाला बोलू, मला वाटलं संपलं सगळं.

शटर वर गेलं आणि मी आधी आत पळाले. पिंजऱ्यात घूस नव्हतीच. उदमांजर होतं, काळपट, लांब शेपटीचं. गोणपाट आत ओढून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. तारा चावून चावून तोंड रक्ताळलं होतं. पाण्याची वाटी चाटूनपुसून कोरडी. पण पोट खालीवर होत होतं. जिवंत होतं!

मामांनी वाटीत बाहेरून थेंबथेंब पाणी सोडलं. आधी ते गुरगुरलं, मग प्यायला लागलं. जिची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्या वाटीनेच त्याला दुपारपर्यंत तगवलं होतं.

मामांनी वनखात्याला फोन लावला. वनरक्षक बाई आल्या, भाग्यश्री नाव, मामांच्या ओळखीच्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी बाहेरूनच सगळं नीट पाहिलं. म्हणाल्या, "तोंडाच्या जखमा वरवरच्या आहेत. पण मादी आहे ही, अंगावर दूध आहे. पिल्लं इथंच कुठंतरी वर असणार. हिला दवाखान्यात नेण्यापेक्षा इथंच सोडणं बरं. पिल्लं मोठी होईपर्यंत या गोडाऊनला हात लावायचा नाही, साहेब."

नानासाहेबांनी मान डोलावली. आणि मी? मला तिथेच रडू फुटलं. सकाळी कामाला निघताना दिव्या माझा पदर धरते, तेव्हा नऊ तासही मला डोंगर वाटतात. इथे पिल्लं कालपासून आईची वाट बघत होती, आणि मी "सातही जागेवर" म्हणून मोकळी झाले होते.

अंधारून आलं तसं सगळ्यांना मागे सारलं. मामांनी मला खूण केली, दार तू उघड. मी कडी ओढली. ती क्षणभर हलली नाही. मग बाहेर पडली, भिंतीच्या कडेनं लंगडत गेली, पाइपवरून वर चढली आणि पत्र्याखालच्या फटीत शिरली. थोड्या वेळानं वरून बारीक चिवचिव ऐकू आली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, शिव्या तरी द्या मला."

"तुला कशाला? बुधवारी लावला मी. अन् बिल्ल्याचं तुला अर्धंच सांगितलं." ते फळीखाली बसले. "टूलरूमला असताना तिथंच घुशीसाठी लावलेला एक पिंजरा दिवाळीच्या सुट्टीत इसरलो होतो. बारा दिसांनी उघडला. मुंगूस होतं. तवापासनं ठरवलं, दार ज्यानं डोळ्यानं उघडं बघितलं, त्यानंच बिल्ला टांगायचा. आकडा भिंतीकडं म्हंजे, मी सोता बघितलं." मग त्यांनी पाच नंबरकडे बघितलं. "ती तिथं तडफडत होती, अन् मी हितं पेज प्यालो गं."

पेज मीच पाजली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी खिळ्यावरून पाच नंबर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याकडे केला. "दार तू उघडलंस. तूच टांग."

मी आकडा भिंतीकडे करून बिल्ला टांगला.

"आता टाक चहा," मामा म्हणाले.