चिंचेनं घासलेला तराजू

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या ब्लॉकसमोरच्या कम्युनिटी क्लबमध्ये मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं... आणि दुपारी त्याच हॉलमध्ये मी आईशेजारी बसून मिरच्या जोखत होते. मधे जे झालं ते लिहून ठेवतेय.

क्लबमध्ये दर शनिवारी आसपासच्या रिटायर्ड मंडळींचा हेरिटेज ग्रुप भरतो. जुन्या वस्तू, जुने फोटो, भरपूर कॉफी आणि त्याहून भरपूर वाद. इथे परदेशात हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून घरी आले की मला बोलायला कुणी नसायचं, म्हणून वर्षापूर्वी तिथे जायला लागले. सगळ्यांत लहान मीच, त्यामुळे टायपिंग आपोआप माझ्याकडे आलं.

आमच्या इथलं जुनं मार्केट आता पाडणार आहेत. म्हणून यंदाच्या प्रदर्शनाचा विषय 'बाजार'. लिम आंटींनी त्या मार्केटमध्ये आयुष्यभर मासे विकले, त्यांनी आपला लाकडी दांडीचा काटा आणला. मिस्टर बेन्सन मूळचे इंग्लंडमधल्या एका लहानशा बाजारगावचे. त्यांचे आजोबा तिथल्या चौकात लोणी विकायचे, त्यांचा पितळी तराजू त्यांनी दिला.

देताना म्हणाले, "एका पारड्याखाली काहीतरी चिकटवलंय बघ. गावच्या क्लबात आजोबांना त्यावरून चिडवायचे, म्हातारा काटा मारतो म्हणून." हसत म्हणाले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

लेबल लिहायला म्हणून मी तो तराजू घरी आणला... आणि घरी गावाहून आई आली होती, महिनाभरासाठी.

शुक्रवारी ऑफिसातून परत आले तर जेवणाच्या टेबलावर सोन्यासारखं काहीतरी लखलखत होतं. "अगं, काळंठिक्कर पडलं होतं ते! लोकांपुढे असं ठेवतात का?" आमटीसाठी लिटिल इंडियातून आणलेली सगळी चिंच संपली होती. इतक्या वर्षांचा रंग आईनं एका दुपारीत उतरवला होता.

शनिवारी मी आईला घेऊन क्लबात गेले आणि तराजू टेबलावर ठेवला. मिस्टर बेन्सन तो बघून खुर्चीत बसले. "आमच्या गावच्या क्लबात जुन्या वस्तूंसाठी एकच नियम होता," ते हळूच म्हणाले, "धूळ झटकायची, पॉलिश करायचं नाही. आजोबांच्या हातांचा काळा डाग होता त्यावर..."

लिम आंटींनी आपला काटा छातीशी धरला. "आयो, माय वन डोन्ट टच, आह!" सगळे हसले. मिस्टर बेन्सन हसले नाहीत.

आणि मी घाईघाईनं इंग्लिशमध्ये म्हणाले, "आय ॲम सो सॉरी. माय मदर इज नॉट एज्युकेटेड."

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला इंग्लिश येत नाही, पण 'एज्युकेटेड' कळतं. माझ्या डिग्रीनंतर तिनं तो शब्द अख्ख्या गल्लीला ऐकवला होता...

पुढे होऊन तिनं तराजू वरच्या कडीत बोट घालून उचलला. पारडी दोनदा हलली आणि थांबली. काटा बरोब्बर मधोमध.

"त्यांना सांग, पासंगाला मी हात लावलेला नाही," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या तराजूचा पासंग काढायचा नसतो."

हे कसं सांगणार? आई वीस वर्षं तालुक्याच्या आठवडी बाजारात भाजी विकायची, हे सांगितल्याशिवाय ते सांगताच येत नव्हतं. ग्रुपमध्ये मी 'फॅमिली ॲग्रिकल्चरमध्ये आहे' असं सांगून ठेवलं होतं... मग सगळं सांगितलं. जमिनीवर पसरलेलं पोतं, मेथीच्या जुड्या, आणि त्यातून निघालेली माझी फी.

मग आईनं पारडं उलटं करून दाखवलं. मळ गेल्यावर खाली शिशाचा छोटासा तुकडा स्वच्छ दिसत होता. "एक पारडं हलकं असलं की त्याला असं वजन लावतात, तो पासंग. चोरही लावतात, म्हणून लोक बोलतात. पण रिकामा तराजू उचलून बघायचा. सरळ राहिला तर माणूस खरा."

मी एकेक वाक्य सांगत गेले. "पण काटा तर कायम एका बाजूला असायचा!" मिस्टर बेन्सन म्हणाले.

"मळानं अडकला होता. चिंच काय उगाच लावली?" आई.

मिस्टर बेन्सननी स्वतः तराजू उचलला. खाली ठेवला. परत उचलला. तीन वेळा काटा मधोमधच थांबला. "हे बघायला माझे वडील हवे होते," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. नंतर आईला त्यांनी मान झुकवून थँक यू म्हटलं, आणि मला हळूच म्हणाले की त्या काळ्या रंगाचं वाईट मात्र वाटतंय. वाटणारच.

दुपारी प्रदर्शन सुरू झालं तेव्हा लिम आंटींनी मिरच्या आणल्या आणि आईला तराजूपाशी बसवलं. एकीला फक्त मराठी, दुसरीला चायनीज आणि थोडं इंग्लिश... पण हाताच्या खुणांनी दोघींची घासाघीस अशी रंगली की लहान मुलांनी रांग लावली.

मी लेबल नवीन टाइप केलं. आजोबांच्या तराजूच्या माहितीखाली एक ओळ वाढवली: 'सफाई आणि तपासणी : सुमन, भाजी विक्रेत्या.'

आईनं वाचून दाखवायला सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आणि ते नॉट एज्युकेटेड कुठं लिहिलंस?"

पुढच्या आठवड्यात आई परत जातेय. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी आजवर शंभर वेळा सांगितलं असेल... आईच्या ज्या तराजूवर ते झालं, त्याबद्दल इथे पहिल्यांदाच लिहितेय. थँक यू, आई. आणि सॉरी.