नोटरीची वाढीव फी

वर्ध्यात कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडखाली एक नोटरी बसतात. कामानिमित्त माझी तिथे नेहमीच ये-जा. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडायची, तो कागदावर दाबायचा आणि मान वर न करता "पुढचा" म्हणायचं, ही त्यांची पद्धत.

सरकारने नोटरीची फी वाढवली, तेव्हा शेडमधल्या सगळ्यांनी पाट्यांवर नवे आकडे रंगवले. त्यांनीही रंगवले. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक कागद मोठ्याने वाचून दाखवू लागले.

"पैसे वाढवून घेऊन राह्यलो, मंग वाचाले नको?" मला म्हणाले.

परवा वडनेरची एक बाई भावासोबत आली. वाचता वाचता ते थांबले. "बाई, वावरातला हिस्सा सोडतो म्हणून लिवलं हाये. सोडाचा हाये काय?"

"मले तं हा म्हणे, निराधारचा फारम हाये."

"साहेब, काऊन टाइम खाऊन राह्यले? मारा न शिक्का," भाऊ म्हणाला.

त्यांनी शिक्का डब्यात ठेवला आणि कागद बाईच्या हातात दिला.

मी तिथून निघालो. माझ्या बहिणीचा हक्कसोडीचा कागद त्यांनीच केला होता, जुन्या फीमध्ये. तेव्हा तिला तो कोणीच वाचून दाखवला नव्हता. मीही नाही.