या कागदाचा बाप कोण?

भालेराव सर आमच्या हातातला प्रिंटआउट घ्यायचे, वरपासून खालपर्यंत एकदा बघायचे आणि विचारायचे, "या कागदाचा बाप कोण?" उत्तर आलं नाही की कागद खिडकीतून थेट पटांगणात. सायबर कॅफेत तासभर ताटकळून काढलेला कागद असा उडताना बघून आमचं डोकं फिरायचं.

सर नाशिकच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होते, तेही हंगामी. दरवर्षी नव्याने नेमणूक. संदर्भ कसे शोधायचे, याचा आमचा तासही तेच घ्यायचे. इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि त्यावर आहे म्हणजे खरंच असणार, अशी आमची भाबडी समजूत. ती मोडायला ते आम्हाला संगणकापुढे नाही, रामकुंडावर घेऊन गेले. तिथल्या उपाध्यांनी माझं आडनाव आणि गाव विचारलं. "इगतपुरीचे गव्हाणे? थांबा हं." त्यांनी एक जुनी लांबट वही उघडली. त्यात माझ्या पणजोबांची नोंद होती: वडिलांच्या अस्थी घेऊन आले ती तिथी, सोबत कोण होतं, आणि खाली शाईचा अंगठा.

"बघ मनीषा," सर म्हणाले, "माणसाला लिहिता येत नव्हतं. पण जे सांगितलं त्याखाली अंगठा दिला. कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, स्वतः बघितलंय का? वेबसाइटला हेच विचारायचं. आणि भीड कुणाची ठेवायची नाही."

मी नाही ठेवली. प्रकल्पासाठी एक वेबसाइट तपासायची होती, मी आमच्याच कॉलेजची घेतली. तिच्यावर होतं, 'सुसज्ज संगणक कक्ष, चाळीस संगणक'. मी जाऊन मोजले. अकरा निघाले, त्यातले चार बंद. "लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही आणि मजकूर खोटा आहे," असं मी सरळ लिहून टाकलं. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि प्रकल्प ग्रंथालयाच्या फलकावर लावला. कॉलेजची मान्यता ठरवणारी तपासणी समिती पंधरा दिवसांत येणार होती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. दाराशीच शिपाई रघुमामांनी हळूच बजावलं, "पोरी, सही नको करू. लय वंगाळ हाय ते." आत पत्र टाइप करून तयार होतं: भालेराव सरांनी दबाव आणून माझ्याकडून हे लिहून घेतलं. "बाळ, तुझं शेवटचं वर्ष ना?" प्राचार्य इतक्या गोड आवाजात म्हणाले की आजही आठवलं तरी माझ्या मुठी वळतात. मी सही केली. एक प्रत त्यांनी माझ्याही हातात दिली.

सरांची नेमणूक पुन्हा झाली नाही. किल्ल्या परत करायला आले तेव्हा जिन्यात भेटले. मी रडायला लागले. एरवी कागद भिरकावणारा हा माणूस त्या दिवशी ओरडला असता तर बरं झालं असतं. "पत्र वाचलं मी," ते म्हणाले. "भाषा तुझी नाही, हे पहिल्या ओळीतच कळलं. सही तेवढी तुझी आहे."

काही वर्षांनी सर गेले. कॉलेजच्या वेबसाइटवर श्रद्धांजली झळकली: 'प्रकृतीच्या कारणास्तव सरांनी स्वेच्छेने सेवा सोडली.' खाली ना नाव, ना तारीख. मेल्यावरही कॉलेजवाल्यांनी या माणसाला सोडलं नाही, निर्लज्ज कुठले!

आता मीही शिकवते. पहिल्याच तासाला त्या पत्राची झेरॉक्स मुलांपुढे टाकते आणि विचारते, या कागदाचा बाप कोण? मुलं म्हणतात, प्राचार्य असतील, कॉलेज असेल. मग मी खालच्या सहीवर बोट ठेवते.

माझ्या पणजोबांना लिहिता येत नव्हतं. मला येत होतं.