गायीच्या गळ्यातला अँटेना

आमच्याकडे एक लाल गाय होती आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे, माझ्या बापाचं तर नाहीच. मोहर्लीजवळच्या आमच्या गावातली बाकीची गुरं दिवस कलताना मुकाट घरी यायची. ही जंगलातच रेंगाळायची. मग बाबा काठी घेऊन तिला शोधायला जायचे. आमच्या जंगलात काठी किती उपयोगाची हे बाबांनाही ठाऊक होतं आणि वाघालाही. ते परत येईपर्यंत मी ताटावर बसत नसे.

म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट घेतला तो गायीच्या पट्ट्याचा. गाय कुठे आहे ते पट्ट्याने घरी कळवायचं. त्यात पॅच अँटेना, म्हणजे पातळ पाटीच्या एका अंगाला तांब्याचा चौकोन आणि मागे सलग तांबं. बनवण्याआधी तो कम्प्युटरवर उभारायचा आणि गेन बघायचा. सिग्नल एका दिशेला किती जोरात फेकला जातो, तो गेन. मला पाच डेसिबल तरी हवा होता. आला शून्याच्याही खाली.

चंद्रपूरच्या कॉलेजातल्या आमच्या सरांकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं. "मेश बारीक कर." मेश म्हणजे हिशेबासाठी कम्प्युटर आकृतीचे तुकडे पाडतो ते. केले बारीक. लॅपटॉप दोन तास पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि त्याने तेच उत्तर जास्त खात्रीने दिलं. स्वस्त पाटी सिग्नल खाते म्हणतात, म्हणून सगळ्यात महागडी पाटी लावली. कम्प्युटरात ती फुकट मिळते. मागचं तांबं मोठं केलं, तार जोडायची जागा सरकवली. गेन ढिम्म हलला नाही. सर म्हणाले, "अजून बारीक कर." तेव्हा मी मनात काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सुट्टीत लॅपटॉप घरी आणला. एका दुपारी ओसरीवर बसून चरफडत होते, तर बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे काय होय?"

"गायीची मान." मी मांसाचा एक जाडजूड आडवा ओंडका काढला होता आणि त्याच्याखाली अँटेनाची पेटी, आमच्या गुरांच्या गळ्यात घंटी लटकते तशी.

"अन् हे पिवळं?"

"तांबं. इथूनच आवाज निघते."

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "मंग त्याचं तोंड मानेकडं काऊन केलं वं? घंटीचं तोंड खाली रायते. गाय काय आपलाच आवाज खाते?"

तोंड खरंच मानेकडे होतं. सॉफ्टवेअरमध्ये चौकोन कायम वरच्या अंगाला काढायची सवय, आणि घंटी जन्मभर मानेखालीच पाहिलेली. दोन्ही सवयी एकत्र आल्या आणि महिनाभर मी सगळा सिग्नल गायीला पाजत होते. सरांनी मेश पाहिली, मान पाहिली नाही. मीही नाही.

मी पेटी उलटी केली.

"आता जमिनीले सांगून राह्यली काय?" बाबा म्हणाले. मग त्यांनीच तोड काढली. "ब्याटरी खाली टांग, लोढण्यासारखी. अन् तोंड मानेच्या वर ठेव, आभाळाकडं. खाली वजन असलं का पट्टा फिरत नाई."

उनाड गुराच्या गळ्यात लाकूड अडकवतात, ते लोढणं. तसं केलं. गेन पाचाच्या वर गेला. मी ओरडलेच.

"म्हणजे आता गाय सापडते?" बाबांनी विचारलं.

"सापडते!"

"मले शोधाले जा लागत नाई?"

"नाई!"

तोवर दिवस कलला होता. गावातली गुरं धूळ उडवत आली. लाल गाय त्यांत नव्हती. बाबांनी आधी वाटेकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

"पाय बरं, कुठी हाय ते."

"बाबा, हा अजून बनवला नाई. नुसता कम्प्युटरात हाय."

बाबा रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि कोपऱ्यातली काठी उचलली. "तोवर मी पाहून येतो."

गेन पडद्यावर तसाच सोडून मी चपला घातल्या आणि त्यांच्यामागे निघाले.