नेलपॉलिशचा टिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — देवाला सांगायला बसले की आधी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही माझ्या नात्यातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सेलूला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या मुलानं, दिनेशनं, शर्यतीची गाडी बांधायला घेतली होती. गाडी जुनीच, पेट्रोलवरची, पण इंजिनाला भंगारातल्या जीपचा टर्बो. टर्बो म्हणजे पंखाच — धुराच्या जोरावर फिरतो, इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि तापून लालभडक होतो. आठवडाभर त्याच गाडीतून बाजारहाट करायचा आणि रविवारी पाथरी रोडच्या सरळ पट्ट्यावर ती पळवायची, असा बेत.

काम रशीदमिस्त्रींचं. त्यांची एक रीत होती. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्यावर रंगाचा टिपका द्यायचा; टिपका दिसला की त्याला परत पाना लावायचा नाही. एकदा रंग संपला, मी माझी नेलपॉलिश दिली, आणि तेव्हापासून टिपके द्यायचं काम माझं. ते म्हणायचे, “टाईट, भाबी,” की मी टिपका द्यायची. वय शेहेचाळीस, अक्कल सोळाची. मिरवायची तर अशी, की इंजिन जणू मीच नऊ महिने पोटात वागवलं.

शनिवारी दुपारी मिस्त्री नमाजाला गेले आणि परभणीहून माझी जाऊ आली. तिला शेडमध्ये नेलं. माझ्याशिवाय इथं पान हलत नाही, हे तिला दाखवायला नको? टर्बोला ऑईल नेणाऱ्या नळीचा बोल्ट तेवढा बिनटिपक्याचा दिसला. तोंडानं बडबड चालू होती, हातानं मी टिपका देऊन टाकला — अगदी ऐटीत, करंगळी वर करून.

मिस्त्री आले, टिपके बघितले, इंजिनावरचा पत्रा बसवला.

रविवारी गाडी तापत उभी होती तेव्हा माझ्या मनात आलं होतं — त्या बोल्टाला ते ‘टाईट’ म्हणाले होते का? आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण जाऊ शेजारी उभी. तिच्यासमोर कसं विचारायचं? मी हात हलवून दिनेशला टाटा केला.

पट्टा संपता संपता आधी धूर दिसला, मग जाळ. नळी सुटून ऑईल तापलेल्या टर्बोवर पडलं होतं. दिनेश वाचला. दोन्ही हात भाजले. उजव्याची बोटं आजही मिटत नाहीत. जेवताना डाव्या हातात चमचा लागतो.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हेही सांगता येण्यासारखं आहे — चूक झाली म्हणता येतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मिस्त्री माझ्यापुढं येऊन उभे राहिले. जळालेलं इंजिन बघून आले होते.

“भाबी, त्या नळीच्या बोल्टाला मी टाईट म्हणल्यावरच तुमी टिपका दिला व्हता ना? मला आठवंनाच गेलंय.”

मी म्हणाले, “व्हय भाऊ. तुमी म्हणल्यावरच.”

त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. “मंग हातच खोटा झाला माझा,” म्हणाले.

त्यानंतर ते एकेक बोल्ट चार-चारदा आवळायचे. काही तर आवळून आवळून तोडले. दुरुस्त करून दिलेली गाडी निघाली की तिच्यामागं पळत जाऊन थांबवायचे. गिऱ्हाईक किती दिवस टिकणार? गॅरेज मोडलं. आता वालूरला भावाच्या दुकानात बसतात. पान्याला हात लावत नाहीत.

दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतात. दिनेशसमोर मान खाली घालून बसतात. तो म्हणतो, “चाचा, मी कवाच माफ केलंय तुमाला.” गावात कौतुक आहे त्याच्या मनाचं.

यंदाही आले होते. मी शेजारीच बसले होते. दोन वाट्या खाल्ल्या.