परवा निघतो

कशी आहेस असं विचारलं की सुप्रभा "आहे" एवढंच म्हणायची. इंग्लंडात साउथहॅम्प्टनला येऊन तिला पंचवीसेक वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी तिने हॉस्पिटलच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून काढली होती. डॉक्टर पेशंटबद्दल टेपवर जे काही बोलत ते ऐकून टाइप करायचं, हे तिचं काम. डॉक्टर मंडळी बोलता बोलता सँडविच खातात, जांभया देतात, आणि वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत त्यांचा पेजर वाजतो. राहिलेलं वाक्य सुप्रभा पूर्ण करायची. पुढे तिला ती खोडच लागली. समोरचा अर्धं बोलला की उरलेलं अर्धं तिच्या डोक्यात आपोआप जोडलं जायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

उदय, तिचा नवरा, त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. तो अचानक हार्ट अटॅकने गेला आणि घरात सुप्रभा आणि तिची मुलगी आश्लेषा अशा दोघीच उरल्या. घराचे हप्ते होते, आश्लेषाचं कॉलेज होतं. सुप्रभा शनिवारीही कामावर जायला लागली. दमायला एवढं पुरेसं होतं. पण तिला खरं दमवलं होतं ते एका शहराने, आणि ते शहर तिने कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

ते शहर म्हणजे न्यू ऑर्लिन्स. तिचा धाकटा भाऊ विष्णू तिथे राहायचा. आई गेली तेव्हा विष्णू चौथीत होता आणि सुप्रभा कॉलेजात. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची दुखणीखुपणी, सगळं तिच्याच गळ्यात पडलं. त्यात हे पोर मुलखाचं सुस्त. अंघोळीला जा म्हणून दहा वेळा सांगा, ढिम्म हलायचा नाही. शेवटी सुप्रभा कंबरेवर हात ठेवून त्याचं अख्खं नाव घ्यायची, "विष्णू पुरुषोत्तम टिपणीस!" की स्वारी निमूटपणे उठायची. त्याला बहुधा तेच हवं असायचं. कुणीतरी आपल्यावर ओरडायला आहे, याची खात्री करून घेतल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

मोठा झाल्यावर तो बोटीवर इंजिनिअर म्हणून लागला. एका फेरीत त्याला कावीळ झाली आणि कप्तानाने त्याला न्यू ऑर्लिन्सच्या हॉस्पिटलात उतरवून बोट पुढे हाकली. बरा होईपर्यंत राहतो म्हणाला, तो तिथलाच झाला. लोरेन नावाच्या तिथल्या बाईशी लग्न केलं, बंदरातच बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. ज्या गावात कुणालाच कसली घाई नाही ते गाव विष्णूला बरोबर सापडलं, याचं सुप्रभाला कधी नवल वाटलं नाही.

दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि फोनवर तो त्या शहराचं कौतुक सासुरवाडीचं करावं तसं करायचा.

"ताई, इथे नदी रस्त्याच्या वर आहे. रस्त्यात उभं राहून मान वर केली की बांधापलीकडून बोट जाताना दिसते."

"मग त्यात आनंद कसला मानायचा?" सुप्रभा म्हणायची.

पण तो थोडाच थांबणार. फ्रेंचांनी ते दलदलीत वसवलं, स्पॅनिश लोकांना देऊन टाकलं, परत घेतलं आणि शेवटी अमेरिकेला विकलं. कापूस, साखर, केळी, कॉफी, सगळं त्या धक्क्यांवरून गेलं-आलं, आणि माणसंही तिथेच बाजारात उभी करून विकली गेली. लोरेनची खापरपणजी त्यातलीच. हे सांगताना मात्र विष्णूचा आवाज उतरायचा. मग पुन्हा गाडी रुळावर. जमीन खणली की पाणी लागतं, म्हणून तिथे मेलेल्यांना जमिनीवरच दगडी कोठड्या बांधून ठेवतात. प्रेतामागून बँड जातो, जाताना रडवा आणि येताना नाचरा. सोमवारी घरोघरी राजमा-भात, कारण सोमवार हा पूर्वी धुण्याचा वार, राजमा शिजत टाकला की बायका कपडे धुवायला मोकळ्या. सुप्रभा एका कानाने हे ऐकत इस्त्री करायची आणि मनात म्हणायची, सगळं छान आहे, पण तुझं घर पाण्याच्या पातळीखाली आहे त्याचं काय?

कारण त्या शहराचं दुसरं अंगही विष्णूनेच तिला सांगितलं होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मोठं तळं, आणि मध्ये परातीसारखी खोलगट वस्ती. विष्णूच्या गल्लीमागूनच एक कालवा जायचा आणि त्याचं नाव लंडन अॅव्हेन्यू. "तूही लंडनजवळ, मीही लंडनजवळ," हा त्याचा आवडता विनोद. लोरेनच्या वडिलांनी पोटमाळ्यावर एक कुऱ्हाड ठेवलेली होती. पूर्वीच्या एका वादळात पाणी चढत गेलं तेव्हा लोक पोटमाळ्यावर चढले आणि वर छप्पर, खाली पाणी असे अडकून मेले, म्हणून. विष्णू हेही कौतुकाने सांगायचा. सुप्रभा मात्र तेवढ्यापुरती इस्त्री बंद करायची.

दर एकदोन वर्षांनी ऑगस्ट-सप्टेंबरात तेच नाटक. टीव्हीवर वादळ दिसायचं, सरकार लोकांना शहर सोडायला सांगायचं, आणि विष्णू फोनवर म्हणायचा, "बघू, निघू." की इकडून सुप्रभा कडाडायची. विष्णू पुरुषोत्तम टिपणीस, लाज नाही वाटत? आईने तुला माझ्या ओटीत टाकलं ते काय असं बुडून मरायला? आत्ताच्या आत्ता गाडीत बस! मग तो हसत म्हणायचा, "निघतो बाई, निघतो," आणि खरंच निघायचा. लोरेन गेल्यावर तर तो जास्तच हटून बसायला लागला. तिची दगडी कोठडी तिथे होती, ती सोडून कुठे जाऊ म्हणायचा. आणि दर वेळी वादळ दुसरीकडे वळायचं. दोन हजार चारमध्ये तो दिवसभर हायवेवर गाड्यांच्या रांगेत तापत बसला आणि शहरात नीट पाऊससुद्धा पडला नाही. "तुझ्यामुळे माझी पाठ मोडली," त्याने ऐकवलं. सुप्रभा त्या दिवशी चिडली नाही. तिला नुसता कंटाळा आला. पन्नाशीच्या माणसाला अजून किती वर्षं अंघोळीला पाठवायचं?

पुढच्या ऑगस्टमधला तो, सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी जोडून आलेला वीकेंड. सुप्रभा शनिवारची टेप संपवून बसने घरी आली. पाय सुजले होते. आश्लेषा कुठेतरी बाहेर निघाली होती, दारातच म्हणाली, "आई, मामाची फोन येते आज. ताईला सांग म्हणतो, मामा परवा निघतो. ह्यूस्टनला, संजयकाकाकडे."

"बरा आहे ना?"

"ही साउंडेड फाइन. हसत असतो. ओके, बाय."

आता यात आश्लेषाचं काही चुकलं नव्हतं. फोन मामाचा की मामाची एवढाच काय तो घोळ. पण तिच्या मराठीत भूतकाळ जवळजवळ नव्हताच. "मी काल पिझ्झा खाते", "बस गेल्या वीकला येत नाही" असंच ती बोलायची, आणि सुप्रभा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायची, जशी डॉक्टरांची टेप दुरुस्त करायची तशी. निघतो म्हणजे निघाला. आणि परवा हा शब्द तर मागचाही आणि पुढचाही. विष्णू परवा निघाला, म्हणजे गुरुवारीच निघाला. सुप्रभाच्या डोक्यात वाक्य पूर्ण झालं.

गुरुवारी ते वादळ कुठे फ्लोरिडाला होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा कुणी पंखाही बंद केला नसेल. जो माणूस हाकलल्याशिवाय हलत नाही तो कुणी न सांगता गुरुवारीच निघेल? हे तिला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. या वर्षी आपल्याला ओरडावं लागणार नाही, एवढंच तिला ऐकू आलं आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिने गरम पाण्यात पाय सोडले आणि खुर्चीतच डोळे मिटले.

रविवारी टीव्हीवर अख्खं शहर रिकामं करायचा हुकूम आला. गाड्यांच्या रांगा दिसल्या. "बरं झालं, मामा आधीच गेला," ती म्हणाली. आश्लेषा फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, तिने ते ऐकलंही नाही. सोमवारी वादळ आलं. मंगळवारी बांध फुटल्याच्या आणि छपरांपर्यंत पाणी चढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सुप्रभाने विष्णूचं सांत्वन करायला म्हणून ह्यूस्टनला फोन लावला. संजय हा उदयचा मावसभाऊ.

"वहिनी, विष्णू इथे आलेलाच नाही," संजय म्हणाला. "मला शनिवारी म्हणाला होता की सोमवारी निघतो. मी म्हटलं, आर यू मॅड? सोमवारी तर ते वादळ डोक्यावर असणार! मला वाटलं, चेष्टा करतोय. मला वाटलं, तुम्ही बोलला असाल त्याच्याशी."

सुप्रभाने फोन ठेवला. आश्लेषा शेजारी येऊन बसली.

"मामा त्या दिवशी नेमकं काय म्हणाला गं?"

"परवा. डे आफ्टर टुमॉरो. मी म्हणते, इजन्ट दॅट टू लेट? तर हसतो. म्हणतो, तू फक्त तुझ्या आईला सांग, मग बघ ती काय करते." आश्लेषाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "आई, मी नीट सांगते ना तुला?"

सुप्रभाने लेकीकडे पाहिलं. पोरीचं सगळं आयुष्य पुढे होतं.

"अगदी नीट सांगितलंस," ती म्हणाली. "माझाच फोन करायचा राहून गेला."

पुढचे दिवस त्या दोघींनी टीव्हीपुढे काढले. छपरांवर उभी राहून चादरी हलवणारी माणसं. त्यात विष्णूच्या चणीचा कुणी दिसला की सुप्रभा उठून पडद्याजवळ जायची. कामावर ती जात होती, टाइप करत होती, पण एकही वाक्य आपल्या मनाने पूर्ण करत नव्हती. जिथे ऐकू आलं नाही तिथे जागा कोरी सोडायची. एका डॉक्टराने विचारलं, "सू, आर यू ऑल राइट?" ती नेहमीसारखंच म्हणाली, आहे.

विष्णूचा फोन आला तेव्हा ती भांडी घासत होती. ह्यूस्टनच्या एका स्टेडियममधून तो बोलत होता. तिथे हजारो माणसं खाटांवर झोपत होती.

"ताई," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

नळ बंद करून ती खुर्चीत बसली. तो सांगत राहिला. वारा थांबला, सगळ्यांना वाटलं सुटलो, आणि तेव्हा कालव्याची भिंत गेली. पोटमाळ्यावर चढला, सासऱ्याच्या कुऱ्हाडीने छप्पर फोडलं. वर बसून होता, ऊन लागलं, प्यायला काही नव्हतं. पलीकडच्या घरातला म्हातारा आतून हाका मारत होता. नंतर हाका थांबल्या. हे त्याने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की सुप्रभाला तो विष्णू वाटेचना.

मग त्याने विचारलं. रागाने नाही, लहानपणी जेवायला काय आहे असं विचारायचा तसं.

"तू फोन का नाही केलास गं?"

आश्लेषा तिला येऊन चिकटून बसली होती. रिसिव्हरमधला शब्द न् शब्द तिला ऐकू जात होता.

"दमले होते रे," सुप्रभा म्हणाली.

"मी रविवारी दुपारपर्यंत फोनपाशीच बसून होतो. शेजारचे म्हणाले, चल आमच्या गाडीतून. म्हटलं, थांबा, एक फोन यायचाय. मग म्हटलं, ताई ओरडत नाहीये, म्हणजे एवढं काही नसणार." तो खोकला. "चालायचंच. माझंही चुकलंच की. या वयात."

परवा या शब्दाचा घोळ ती त्याला सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. आणि दमले होते हे तरी कुठे खोटं होतं? तेवढ्या एका आधारावर ती उभी राहिली. आश्लेषाने तिचा हात घट्ट धरला होता, आईची चूक पोटात घालावी तसा. सुप्रभाने तो तसाच धरू दिला.

विष्णू पुन्हा त्याच शहरात गेला. चिखल काढला, भिंती रंगवल्या, लोरेनच्या कोठडीवर पाण्याची रेघ उमटली होती ती खरवडून काढली. फोन येत राहिले, शहराचं कौतुक मात्र कमी झालं. तीन वर्षांनी ऑगस्ट संपता संपता तसंच मोठं वादळ निघालं. सुप्रभाने पहिल्या बातमीलाच कामावर दांडी मारली आणि सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली. नंबर फिरवणार तेवढ्यात घंटा वाजली.

"ताई, निघालोय गं. गाडीतूनच बोलतोय. अजून हुकूम आलेला नाही, पण म्हटलं आधीच निघावं. तुला उगाच फोनची दगदग नको."

"बरं केलंस," सुप्रभा म्हणाली. "जपून चालव."

तिने फोन ठेवला. त्याने न ओरडता उठावं, हेच तर ती जन्मभर मागत आली होती. तरी तिला रडू आलं, आणि ते आवरलं नाही. तिच्यावाचून अडून बसणारं एकच माणूस तिला होतं, आणि आता त्याचं काही अडत नव्हतं.